डावा माझा, उजवा तिचा

माझं आणि माझ्या जावेचं कधी फारसं पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतील, काय बाई जावाजावांचं गूळपीठ! गूळपीठ वगैरे काही नव्हतं. ती धाकटी, मी थोरली. तिला घासलेली भांडी पालथी घालायची सवय, मला उताणी ठेवायची, आणि एवढ्यावरूनसुद्धा आमची तोंडं आठ-आठ दिवस वाकडी असायची. मी फटकळ, ती घुमी. मी दहा वाक्यं बोलले तरी ती एक बोलायची नाही, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा. अहो, भांडायलासुद्धा समोर माणूस लागतं ना!

पण कंपनीत आम्हा दोघींशिवाय पान हलत नव्हतं. बाहुल्यांची कंपनी होती. साच्यातून मऊ रबराचं डोकं निघायचं, त्याला नाक, ओठ, गाल सगळं असायचं, फक्त डोळ्यांच्या जागी दोन कोरे खळगे. ते डोकं लाकडी खुंटीवर बसून माझ्यापुढे यायचं. मी बाहुलीचा डावा डोळा रंगवायचे आणि खुंटी माझ्या डाव्या हाताला सरकवायचे. तिथे धाकटी बसायची. ती उजवा रंगवायची. बस्स, एवढंच. वर्षानुवर्षं डावा माझा, उजवा तिचा. एका बाईला एकच डोळा दिला की हात बसतो आणि काम झरझर होतं, असं कंपनीचं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं. डाव्या डोळ्याची पापणी माझं मनगट आपोआप काढायचं, मला बघावंसुद्धा लागायचं नाही.

समोरच्या भिंतीवर नमुन्याची बाहुली टांगलेली असे. निळे डोळे, वर वळलेल्या पापण्या आणि सदा हसरी नजर. आमचा प्रत्येक डोळा तिच्यासारखा हवा. जरा नजर हलली की तपासनीस डोकं उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकायचा. त्या नमुन्याला आम्ही बायका 'दुसरी सासू' म्हणायचो. पण धाकटीच्या डोळ्यापायी एखादं डोकं टोपलीत गेलेलं मी कधी पाहिलं नाही, हे मला कबूल करावंच लागतं. नव्या बायकांना तपासनीस तिच्या मागे उभं करायचा आणि म्हणायचा, "हिचा हात बघा जरा." ती मान वर करायची नाही, पण तिचा कान लाल झालेला मला शेजारून दिसायचा.

तिला तेवढंच होतं हो. माझा दीर आजारपणात गेला. मूलबाळ नाही. माहेरी आईवडील नाहीत, एक भाऊ तेवढा. जगात तिला कोणी 'छान' म्हणायचं ते त्या एका बाकावर.

मग कंपनीने दुसऱ्या कुठल्या गावी यंत्र बसवलं. एकदा दाबलं की दोन्ही डोळे छापून मोकळं. आमच्या कंपनीच्या दाराला कुलूप लागलं. एका कंपनीवर अख्खी गल्ली जगत होती, ती एका आठवड्यात घरी बसली. आमच्या ह्यांची मालवाहू गाडी, तीही कंपनीचाच माल वाहायची. आता गाडी दारात उभी आणि हे तिच्या पायरीवर बसून तोच आरसा पुन्हा पुन्हा पुसायचे. सासूबाई म्हणायच्या, "पुसून पुसून भोक पडेल त्याला."

सगळ्यांवरच वेळ आली होती, पण बाकीचे निदान कुरकुरत होते, भांडत होते, कामं शोधत फिरत होते. धाकटी मात्र आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. केस विंचरायचे नाहीत, हाक मारली तर हूं की चूं नाही. ताटातलं अर्धं तसंच राहायचं. मी एकदा जाऊन दरडावलं, "अगं, आपण दोघी मिळून दुसरं काहीतरी बघू."

तेव्हा भिंतीकडे तोंड ठेवूनच ती म्हणाली, "मला काय येतं, ताई? एक उजवा डोळा. तोसुद्धा आता कोणाला नकोय. मी कोणत्याच कामाची नाही."

दुसऱ्या दिवशी तिने आपणहून भावाला फोन केला. मला घेऊन जा म्हणाली. मी इथे फुकटची बसून खातेय म्हणाली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कोणी काढलं होतं तिचं खाणं? मी काय वाट्टेल ते बोलते, पण कोणाच्या ताटाबद्दल बोलत नाही. भाऊ म्हणाला, महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतो. धाकटीने त्याच दिवशी बॅग भरली आणि खाटेच्या पायथ्याशी ठेवली.

भावाच्या घरी काय होणार, ते सांगायला ज्योतिषी नको. पोरं सांभाळायची, धुणीभांडी करायची आणि वहिनीच्या चेहऱ्याकडे बघून घास उचलायचा. भाऊ चांगला होता, वहिनीही वाईट नव्हती. पण जिला स्वतःलाच वाटतंय की आपण ओझं आहोत, तिला चांगल्या घरातसुद्धा ओझ्यासारखंच जगावं लागतं. ती तिथेही अशीच एखाद्या भिंतीकडे तोंड करून पडेल आणि हळूहळू संपेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. पटत नसलं म्हणून काय झालं? आमच्या घरचं माणूस होतं ते. मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. पण "जाऊ नकोस" हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघतील तर शपथ!

त्याच सुमारास कंपनीच्या फाटकावरचा पहारेकरी भेटला. म्हणाला, "कोरी डोकी भंगारात चाललीयत पोत्यानं. हवीत का?" फुकट म्हटल्यावर मी फार विचार करत बसत नाही. पोतं भरून डोकी, उरलेसुरले रंगाचे डबे, झिजलेले ब्रश आणि एक-दोन लाकडी खुंट्या घेऊन मी घरी आले.

सासूबाईंनी पोत्यात डोकावून पाहिलं. "घरात आधीच डोकी काय कमी होती?"

"रंगवून विकू," मी म्हटलं. "जुन्या कपड्यांची धडं तुम्ही शिवा. लोकर लावू केसांना."

सासूबाईंना दिवसभर काय करायचं हा प्रश्नच होता. त्यांनी लगेच ह्यांचा एक जुना शर्ट फाडायला घेतला. तो जुना नव्हता, हे नंतर कळलं आणि त्यावरून वेगळं रामायण झालं, ते असो.

मी जेवणाच्या टेबलावर बसले आणि एका दमात डावे डोळे काढत सुटले. काय सुंदर जमत होते! मग म्हटलं, आता उजवे. उजव्यात काय एवढं? डाव्यासारखाच तो. ब्रश उचलला आणि काढला. दुसरा काढला. तिसरा काढला. मग मान मागे घेऊन बघते तर काय, सगळ्या तिरळ्या! माझ्या मनगटाला डाव्याशिवाय दुसरं वळणच माहीत नव्हतं. उजव्या खळग्यातही मी डावाच डोळा काढून ठेवला होता. उजव्या डोळ्याच्या पापण्या नाकाकडे वळलेल्या आणि सगळ्याजणी एकाच बाजूला बघतायत, शेजारणीच्या घरात काय शिजतंय ते चोरून बघावं तशा.

सासूबाई हसायला लागल्या. त्या हसल्या म्हणून मी चिडले. चिडून आणखी एक काढला, तो त्याहून वाईट. सासूबाईंना ठसका लागला. मुलगा गेल्यापासून त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कुठलं हसण्याचं आणि कुठलं दुसरं, ते मला कळेना.

तेवढ्यात दारात धाकटी उभी. केस पिंजारलेले, तोंड सुजलेलं. तिने टेबलावरच्या रांगेकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. इतक्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर काही उमटलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"असा असतो का उजवा डोळा?" ती म्हणाली.

"तुला जमतो तर तू काढ," मी म्हटलं. "की नुसतं दारातून सांगणार?"

मी हे काही मुद्दाम तिला उठवायला केलं नव्हतं बरं का. उगाच कोणी माझ्या हुशारीला भाव देऊ नका. मला खरोखरच जमत नव्हतं आणि मला खरोखरच राग आला होता. पण ती आली. माझ्या डाव्या हाताला बसली. चिंधीवर थिनर घेऊन तिने माझे ते तिरळे डोळे एकेक करून पुसून काढले आणि कोऱ्या जागी आपला उजवा डोळा काढला. एका फटकाऱ्यात. डोकं सरळ समोर बघायला लागलं.

लगेचच्याच रविवारी पुलाखालच्या बाजारात आम्ही सतरंजी टाकून बसलो. लोक यायचे, बाहुली उचलायचे, उलटीपालटी करायचे. "दुकानात यापेक्षा चकचकीत मिळते," असं म्हणून ठेवायचे. खरं होतं ते. आमच्या बाहुल्या म्हणजे त्याच दुकानातल्या बाहुल्या, फक्त शर्टाच्या कापडातल्या. एकही गेली नाही. घरी आल्याबरोबर धाकटी पुन्हा आतल्या खोलीत. मी मनात म्हटलं, झालं! एक पाऊल पुढे आणि दोन मागे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाण्याच्या रांगेतून घरी आले, तर ही टेबलाशी बसलेली. पुढ्यात ह्यांच्या गाडीचा जुना आरसा. आरशात बघायची आणि खुंटीवरच्या डोक्यावर काहीतरी काढायची. मी जवळ जाऊन पाहिलं. उजवा डोळा काढला होता, पण निळा नाही, काळसर तपकिरी. वरची पापणी जड, खाली थोडी सूज, कडेला लाली. पापण्यांचे केससुद्धा वर वळलेले नाहीत, ओले होऊन चिकटल्यासारखे. तो हिचाच डोळा होता. मी बाकावर शेजारी बसून इतकी वर्षं तिची उजवीच बाजू बघितली होती, मला तो ओळखायला वेळ लागला नाही.

"ही काय रडकी बाहुली?" मी म्हटलं. "हिला कोण घेणार?"

"हसरी तरी कोणी घेतली?" ती म्हणाली.

या घरात आल्यापासून तिने मला दिलेलं हे पहिलं उलट उत्तर, आणि तेही बरोबर. तिने खुंटी माझ्याकडे सरकवली. "डावा तुम्ही काढा, ताई."

मी ब्रश घेतला. रंग तिनेच कालवून ठेवला होता. मी डोळा काढला आणि खुंटी फिरवून समोरून पाहिलं. एक डोळा रडून सुजलेला आणि दुसरा खुदुखुदु हसतोय! माझ्या मनगटाने कंपनीचा डोळा काढून ठेवला होता. रंग तपकिरी, पण नजर त्या भिंतीवरच्या दुसऱ्या सासूची. पाहून अंगावर काटा यावा असा तो चेहरा झाला.

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ब्रश पुसून तिने डब्याशेजारी नीट ठेवला आणि म्हणाली, "तुम्हालाही मी दिसत नाही ना, ताई."

आणि गेली आत.

मी काय करणार? भांडी आपटली. सासूबाई म्हणाल्या, "त्या पातेल्याने काय घोडं मारलंय तुझं?" मी त्यांनाही काहीतरी बोलले. पण ते वाक्य काही माझा पाठलाग सोडेना. मला लागलं होतं ते, आणि लागलं याचं कारण ते खरं होतं. एका घरात राहून, एका बाकावर बसून, मी तिला कधी समोरून नीट पाहिलंच नव्हतं. घरात ती ओट्याशी, तर मी तिची पाठ बघायचे. कंपनीत ती शेजारी, तर तिचा कान. समोरासमोर आलो की मी बोलत असायचे, आणि बोलताना माणूस बघतं कुठे?

मी हात पुसले आणि तिच्या खोलीत गेले. "ऊठ," मी म्हटलं. "समोर बस माझ्या."

"राहू दे, ताई."

"राहू दे काय? अर्धवट काम टाकून जायची पद्धत आहे का आपली? ऊठ म्हणते ना!"

ती उठली, ते बहुधा माझ्या आवाजाला कंटाळून. मी तिला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं, स्वतः स्टूल घेऊन पुढ्यात बसले आणि मी काढलेला तो हसरा डोळा थिनरने पुसला. मग तिच्याकडे बघायला लागले. अवघड असतं हो असं बघणं. पहिल्यांदा दोघींनाही लाज वाटली. ती खाली बघायची, मी रंग ढवळायचे. मग हळूहळू जमलं.

तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित लहान होता. खालच्या पापणीजवळ एक बारीक पांढरी खूण होती.

"हे काय गं?"

"लहानपणी दादाने गोफण फिरवली. चुकून लागली."

"आणि कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं?"

मी काढायला घेतलं. पहिला बिघडला, पुसला. दुसऱ्यात पुन्हा ती मेली कंपनीची पापणी वर वळली, पुसला. मनगट धरून ठेवायला लागत होतं, अडेल जनावराला धरावं तसं. धाकटी हलली नाही. संध्याकाळचा उजेड खिडकीतून कमी व्हायला लागला तेव्हा कुठे तो डोळा झाला. किंचित लहान, खाली खूण असलेला, थकलेला. पण समोरच्याकडे सरळ बघणारा.

खुंटी मधे ठेवून आम्ही दोघी बघत बसलो. सासूबाई आल्या. त्यांनी ते डोकं खुंटीवरून काढलं, मांडीत घेतलं आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवला. "ही आपली धाकटी," त्या म्हणाल्या. मग खऱ्या धाकटीकडे वळून म्हणाल्या, "किती रडलीस गं तू, पोरी. आणि आम्हाला पत्ता नाही." तेव्हा ती रडली. भिंतीकडे तोंड करून नाही, आमच्यासमोर रडली. मला इतकं बरं वाटलं की मीही रडून घेतलं.

ती बाहुली आम्ही खिडकीत ठेवली. पलीकडच्या गल्लीतली एक नर्स कामावरून परतताना तिथे थबकली. म्हणाली, "ही कोण हो? माझ्यासारखीच दमलेली दिसते. माझी काढाल का एक?" तिला खुर्चीवर बसवलं. धाकटीने उजवा काढला, मी डावा. ती बाहुली घेऊन जाताना नर्सने तिला खांद्याशी धरलं होतं, कोणी खरंच थकून आलेलं असावं तसं. तिने आणखी दोघींना पाठवलं. मग गल्लीतला न्हावी आला. "दिवसभर लोकांच्या तोंडाकडे बघतो," म्हणाला, "माझ्या तोंडाकडे कोणी बघत नाही." बसला, आणि बायकोच्या आजारपणाचं सगळं सांगून गेला. खुर्चीवर बसून एकटक कोणी आपल्याकडे बघायला लागलं की लोक बोलतातच. धाकटी ऐकायची. मधूनच एखादं वाक्य विचारायची, आणि नेमकं तेच विचारायची. कमाई म्हणाल तर भाजीपाला निघायचा, त्यापेक्षा जास्त काही नाही. पण ती रोज सकाळी उठून केस विंचरायला लागली आणि गुणगुणायलासुद्धा लागली. अत्यंत बेसूर. मी काही बोलले नाही, विश्वास ठेवा अगर ठेवू नका.

बॅग मात्र तशीच भरलेली, खाटेच्या पायथ्याशी. मी येता-जाता त्या बॅगेकडे बघायचे. एकदा न राहवून म्हटलं, "मग? ठरलं का जायचं?"

"दादाला शब्द दिलाय," ती ब्रश धूत म्हणाली. "आणि हे काय, ताई, लोकांची हौस. आज आहे, उद्या नाही. मग मी पुन्हा तुमच्या गळ्यात."

मला म्हणायचं होतं, पड की गळ्यात, माझा गळा चांगला दणकट आहे. पण मी म्हटलं, "जा बाई, तुझी मर्जी." आणि आत जाऊन स्वतःवरच चरफडले. जीभ नको तिथे चालते आणि हवी तिथे टाळ्याला चिकटते.

शेवटचा रविवार आला. तिचा भाऊ दहाच्या सुमारास हजर. नळाच्या सामानाचं दुकान त्याचं, माणूस मोठ्या आवाजाचा, हसतमुख. "चला, चला! वहिनीने खोली झाडून ठेवलीय, पोरं आत्या आत्या करतायत!" सासूबाईंना वाकून नमस्कार केला, ह्यांच्या पाठीवर थाप मारली, चहा बशीत ओतून प्यायला. मग खिडकीतल्या बाहुल्या दिसल्या. "अरे वा, हे कोण करतं?"

नेहमी ती अशा वेळी माझ्याकडे बोट दाखवायची, नाहीतर 'कंपनीत होतो आम्ही' म्हणायची. यावेळी म्हणाली, "मी करते." मग माझ्याकडे बघून, "आम्ही दोघी." तिने तो 'मी' इतका सरळ उच्चारला की माझ्या हातातली बशी कलली.

"दादा, बस तिथे," ती म्हणाली. "जायच्या आधी तुझे डोळे काढते."

तो खुर्चीवर बसला. "काढ, पण जरा नटासारखा काढ हां! घरी पोरांनी ओळखायला नको!" ती हसली आणि बघायला लागली. त्याने दोन विनोद केले. ती बघत राहिली. त्याने तिसरा सुरू केला आणि अर्ध्यावर सोडला. तिने उजवा डोळा काढायला घेतला. निम्म्याहून जास्त झाला आणि तिचा हात थांबला.

"दादा, तू झोपत नाहीस का रे?"

"झोपतो की! घोरतो! विचार वहिनीला."

"खोटं बोलू नकोस." ती अगदी हळू बोलत होती. "हे डोळे मी ओळखते. मी स्वतः आरशात बघून काढलेत हे. काय झालंय?"

तो हसायला गेला, ते त्याला जमलं नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मग म्हणाला, "दुकान बंद झालं गं. कधीच बंद झालं. घरात सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतो, बसथांब्यावर बसतो, संध्याकाळी घरी जातो."

"आणि मला न्यायला आलास?"

"तू फोनवर रडत होतीस. नाही कसं म्हणणार?" त्याचा तो मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "बहिणीला दोन घास घालायची ऐपत नाही माझी. मी कोणत्याच कामाचा नाही."

मी धाकटीकडे पाहिलं. हेच वाक्य तिने मला भिंतीकडे तोंड करून ऐकवलं होतं, शब्दाला शब्द तेच. मला भीती वाटली की आता ही पुन्हा त्या खोलीत जाते. पण ती उठली, त्याच्या जवळ गेली आणि त्याची हनुवटी धरून त्याचा चेहरा वर केला.

"हे वाक्य माझ्यापुढे पुन्हा बोलायचं नाही," ती म्हणाली. बाई गं, आवाज हुबेहूब माझा! "कळलं? मी कुठे येत नाहीये. मला इथे काम आहे. आणि आज तूही जायचं नाहीस. वहिनीला फोन लाव, सगळं खरं सांग. मी बसते शेजारी. धीर नाही झाला तर फोन माझ्याकडे दे."

त्याने मान हलवली. पोराबाळांचा बाप तो, पण त्या क्षणी शाळेतून मार खाऊन आलेल्या मुलासारखा तिच्याकडे बघत होता. ती परत आपल्या जागेवर बसली, उरलेला उजवा डोळा पुरा केला. मग ती उठून बाजूला झाली आणि स्टूल मोकळं केलं.

"ताई, या. डावा राहिलाय."

मी बसले. ब्रश बुडवला, वर पाहिलं. त्याचा डावा डोळा काठोकाठ भरलेला, आणि माझे स्वतःचे काही वेगळे नव्हते. समोरचं सगळं धूसर दिसायला लागलं. ब्रश टेकवायची सोयच नव्हती.

"भाऊ," मी म्हटलं, "आधी रडून घ्या पोटभर. ओला डोळा मला अजून नीट जमत नाही."

मग तो रडला, मोठ्याने रडला, आणि आम्ही दोघी आपापला ब्रश हातात धरून त्याच्यासाठी थांबलो.